रूढ वाटेला प्रश्न विचारणारे चक्रधरस्वामी

(बी. ए. द्वितीय वर्ष)

आपल्या मराठीत ‘मानभावी’ असा एक शब्द आहे. वरून गोड, आतून कपटी अशा माणसाला आपण मानभावी म्हणतो. खेड्यात काय आणि शहरात काय, हा शब्द सर्रास वापरला जातो. परंतु तो आला कोठून, याचा विचार आपण सहसा करीत नाही. ‘मानभाव’ म्हणजे महानुभाव. ज्याचा अनुभव महान, ज्याचे तेज मोठे, तो महानुभाव. एवढ्या थोर अर्थाचा शब्द एका पंथाचे नाव झाला आणि पुढे त्याच नावाची आपल्या भाषेने शिवी करून टाकली. ज्यांना समाजाने एकदा वाटेबाहेरचे ठरवले, त्यांच्या नावाचे पुढे काय होते, याचे याहून बोलके उदाहरण मला तरी ठाऊक नाही.

‘पाखंड’ या शब्दाचीही तीच गत झाली आहे. सम्राट अशोकाच्या शिलालेखांत ‘पासंड’ हा शब्द कोणत्याही पंथासाठी साध्या अर्थाने आला आहे. आणि सर्व पासंडांचा मान राखावा, दुसऱ्याच्या पंथाची निंदा करू नये, असा उपदेश त्या राजाने दगडावर कोरून ठेवला आहे. पुढे मात्र जो आपल्यासारखा नाही, जो आपले शास्त्र मानीत नाही, तो पाखंडी ठरू लागला. अशाच एका ‘पाखंडी’ ठरविल्या गेलेल्या थोर पुरुषाचे चरित्र मला येथे सांगावयाचे आहे. आपल्या मराठीच्या पेपरात ते पाच गुणांच्या टिपेपुरते भेटतात. त्यांचे नाव श्रीचक्रधरस्वामी.

चक्रधरांचा काळ तेराव्या शतकाचा. देवगिरीवर यादवांचे राज्य होते. प्रथम महादेवराय आणि इ. स. १२७१ पासून रामदेवराय गादीवर होते. राज्य संपन्न होते, देवळे उभी राहत होती, पंडितांना मान होता. यादवांचे मंत्री हेमाद्री पंडित यांनी ‘चतुर्वर्गचिंतामणि’ हा प्रचंड संस्कृत ग्रंथ रचला. त्यातील व्रतखंडात वर्षभरात करावयाच्या व्रतांची एवढी मोठी जंत्री आहे, की सामान्य माणसाचे सारे आयुष्य व्रते करण्यातच सरावे. अमुक तिथीला अमुक देवता, अमुक दान, अमुक उपवास! धर्म असा विधींच्या ओझ्याखाली दबला होता. आणि तो ज्या भाषेत लिहिला होता, ती भाषा शेतकऱ्याला, कुंभाराला, कोणत्याही जातीच्या बाईला येत नव्हती. ज्याला वाचता येत नाही त्याने पाळायचे, आणि ज्याला वाचता येते त्याने सांगायचे, अशी ती वाटणी होती.

अशा काळात गुजरातेतून एक तरुण महाराष्ट्रात आला. महानुभाव परंपरेनुसार भडोचचे प्रधान विशाळदेव यांचे हे पुत्र, हरपाळदेव. परंपरा सांगते, की हरपाळदेवांचे देहावसान झाले आणि त्याच देहात द्वारावतीच्या चांगदेव राऊळांनी संचार केला. श्रद्धेचा हा भाग श्रद्धाळूंचा आहे. मला अधिक जवळची वाटते ती पुढची हकीकत. हा प्रधानपुत्र द्यूत खेळत असे. एकदा तो मोठी रक्कम हरला. देणे फेडण्यासाठी त्याने पत्नी कमळाइसेचे दागिने मागितले आणि तिने ते देण्यास नकार दिला. ज्याला आपण आपले म्हणतो ते किती आपले असते, हा प्रश्न त्याच्या मनाला चाटून गेला असावा. रामटेकच्या यात्रेचे निमित्त करून तो घराबाहेर पडला. वाटेत बरोबरची माणसे, घोडे, वैभव सारे मागे ठेवले आणि तो एकटाच विदर्भातील रिद्धपूर या गावी येऊन पोहोचला.

रिद्धपूर हे आजच्या अमरावती जिल्ह्यातले गाव. तेथे गोविंदप्रभू ऊर्फ गुंडम राऊळ राहत. लोक त्यांना वेडा समजत. ते कोणाच्याही घरात शिरत, कोणाचेही अन्न खात, मुलांत मूल होऊन खेळत. गावातील अस्पृश्यांना पाणी मिळेना, तेव्हा त्यांना विहिरीची जागा त्यांनीच दाखविली, अशी आठवण त्यांच्या चरित्रात आहे. शहाण्यांच्या गावात वेडा ठरलेल्या या माणसाने हातातला खाऊ त्या अनोळखी तरुणाला प्रसाद म्हणून दिला आणि तोच क्षण चक्रधरांच्या ज्ञानाचा क्षण ठरला. गुरूने कानात मंत्र सांगितला नाही, जात विचारली नाही, कुळ विचारले नाही. हातातला घास पुढे केला, एवढेच!

त्यानंतरचा काळ चक्रधरांनी भटकंतीत घालविला. सालबर्डीच्या डोंगरात ते एकांतात राहिले. आंध्रात वारंगळपर्यंत गेले. तेथे त्यांचा हंसांबेशी विवाह झाला, परंतु संसारात ते रमले नाहीत. याच काळातील एक प्रसंग आपल्यापैकी पुष्कळांनी शाळेच्या पुस्तकात वाचला असेल. शिकाऱ्यांच्या कुत्र्यांनी पाठलाग केलेला एक ससा धावत येऊन त्यांच्या मांडीखाली लपला. शिकाऱ्यांनी आपली शिकार मागितली. स्वामींनी ती दिली नाही. उलट शरण आलेल्याला मारू नये हे त्यांना अशा शब्दांत समजाविले, की त्यांनी शिकारच सोडून दिली. ही गोष्ट लहान मुलांची म्हणून आपण सोडून देतो. पण चक्रधरांच्या पुढच्या साऱ्या आयुष्याचे बीज या गोष्टीत आहे. जो आपल्या आश्रयाला आला, तो कोण हे त्यांनी कधी पाहिले नाही.

भटकंतीनंतर चक्रधर गोदावरीकाठी पैठणला आले. शके ११९० म्हणजे इ. स. १२६८ च्या सुमारास त्यांनी तेथे संन्यास घेतला आणि त्यांच्याभोवती शिष्य जमू लागले. पैठण ही दक्षिणेची काशी. तेथील ब्रह्मसभेचा शब्द म्हणजे धर्माचा शब्द. त्या नगरीतच त्यांनी आपला वेगळा विचार मांडला, हे ध्यानात घेतले पाहिजे. आडरानात बसून बंड करणे सोपे असते. आमच्या बीड जिल्ह्यालाही त्यांच्या पंथाच्या पाऊलखुणा आहेत. गेवराई तालुक्यात गोदावरीच्या तीरावर पांचाळेश्वरचे आत्मतीर्थ आहे आणि महानुभाव पंथीयांचे ते मोठे श्रद्धास्थान आहे. आमचे दिंद्रुड माजलगाव तालुक्यात. म्हणजे ज्यांना आपण पुस्तकातले म्हणून दूर ठेवतो, त्यांच्या पंथाचे तीर्थ आपल्याच जिल्ह्यात, दिवसभरात जाऊन येण्याजोगे आहे.

आता चक्रधरांनी असे सांगितले तरी काय, की ज्यामुळे शास्त्री-पंडित खवळून उठले? त्यांच्या तत्त्वज्ञानात चार नित्य पदार्थ आहेत : जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर. हे चारही एकमेकांपासून वेगळे. जीव बांधलेला आहे. देवता अनंत आहेत, परंतु त्या जीवाला मोक्ष देऊ शकत नाहीत. त्या देतील ते फळ सरणारे असते. मोक्ष देणारा एकच, तो परमेश्वर. वरवर पाहता हे कोरडे तत्त्वज्ञान वाटते. मलाही पहिल्या वाचनात ते तसेच वाटले होते. पण जरा विचार केला की त्यातील स्फोटक आशय ध्यानात येतो. देवता मोक्ष देत नसतील, तर त्यांच्यासाठी केलेली व्रते, नवस, यज्ञ, दाने यांचे काय? ती करवून घेणाऱ्या पुरोहिताचे काय? हेमाद्रीच्या व्रतखंडाचे काय? चार शब्दांचा हा विचार एका संपूर्ण व्यवस्थेच्या पायालाच हात घालीत होता. याच काळात वेदान्तातील अद्वैत मताची मोठी प्रतिष्ठा होती. चक्रधरांनी तेही न मानता द्वैत मांडले. म्हणजे कर्मकांड करणाऱ्यांशीही त्यांचे जमले नाही आणि जीव-ब्रह्म एक मानणाऱ्यांशीही नाही.

पण वेगळे मत मांडताना त्यांनी दुसऱ्यांची टवाळी केली नाही. दृष्टान्त देऊन समजावून सांगण्याची त्यांची रीत होती. जन्मांध माणसांनी हत्ती चाचपून पाहिल्याचा दृष्टान्त त्यांनीही सांगितला आहे. कोणाला तो खांबासारखा वाटला, कोणाला सुपासारखा. प्रत्येकाच्या हाती काहीतरी खरे लागले होते, पण संपूर्ण हत्ती कोणाच्याच हाती नव्हता. पुढे केशिराजबास यांनी असे ११४ दृष्टान्त ‘दृष्टान्तपाठा’त एकत्र केले. शेत, बाजार, घर, वाट यांच्यातून उचललेली ही उदाहरणे वाचताना आपल्याच गावच्या पारावर कोणी बोलत आहे असे वाटते.

त्यांच्या विचाराचा पुढचा टप्पा आचाराचा. जात देहाची, जीवाला जात नाही, हे एकदा मान्य केले की त्याप्रमाणे वागणेही आले. चक्रधरांनी आपल्या शिष्यांना चारही वर्णांच्या घरी भिक्षा मागण्यास सांगितले. त्यांचे पहिले शिष्य बहुतेक ब्राह्मण होते, हे लक्षात घेतले म्हणजे या आज्ञेचे मोल कळते. ज्यांना दुसऱ्याच्या हातचे पाणी चालत नव्हते, त्यांनी त्याच्या दारात झोळी घेऊन उभे राहायचे आणि मिळेल ते एकत्र कालवून खायचे! समतेवर भाषण देणे सोपे. समता गिळायला लावणे कठीण. चक्रधरांनी ती अक्षरशः गिळायला लावली.

त्यांच्या शिष्यपरिवारात स्त्रिया मोठ्या संख्येने होत्या. पैठणच्या बाइसा या अगदी सुरुवातीच्या शिष्या. महदाइसा या बालविधवा, नागदेवाचार्यांच्या चुलत भगिनी. त्या इतके प्रश्न विचारीत, की आजूबाजूचे शिष्य कंटाळून जात. पण चक्रधर कंटाळले नाहीत. त्यांनी महदाइसेच्या चर्चक बुद्धीचे कौतुकच केले. याच महदाइसेने पुढे रिद्धपूर येथे ‘धवळे’ रचले आणि ती मराठीतील आद्य कवयित्री म्हणून ओळखली गेली. बाईने प्रश्न विचारला की तिचे कौतुक करावे, असा रिवाज आजही किती घरांत आहे? आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. प्रश्न विचारला की “लई शहाणी झालीस” हे उत्तर मिळते. साडेसातशे वर्षांपूर्वी महदाइसेला ते उत्तर मिळाले नाही, याचे मला फार अप्रूप वाटते.

आता जो विषय मी लिहिणार आहे तो आपल्या वार्षिकांकात सहसा येत नाही. तरीही चक्रधरांचे चरित्र सांगताना तो गाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. स्त्रियांच्या मासिक धर्माचा विटाळ त्यांनी मानला नाही. देहाची जशी इतर द्वारे आहेत आणि त्यांतून जसा मळ बाहेर पडतो, तसाच हाही देहाचा एक धर्म. धुतले की झाले, त्याने भक्तीला बाध येत नाही, असे त्यांनी शिष्यांना स्पष्ट समजाविले. आमच्याकडे याला ‘कावळा शिवला’ म्हणतात. माझी माय त्या दिवसांत चुलीला हात लावीत नाही, देवघराकडे पाठ करून बसते. परंतु हीच माय दिवाळीनंतर कोयता घेऊन वडिलांबरोबर कारखान्यावर जाते, तेव्हा त्याच दिवसांत उसाची मोळी डोक्यावर घेऊन गाडीवर चढते. फडात विटाळ नसतो, कारण तेथे काम असते! विटाळ फक्त देवाजवळ आणि चुलीजवळ. आमच्याच जिल्ह्यात २०१९ साली ८२ हजारांहून अधिक ऊसतोड स्त्रियांची सरकारी पाहणी झाली, तेव्हा त्यांतील १३ हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढून टाकल्याचे आढळले. कामाचा खाडा परवडत नाही, भीती घातली जाते, आणि बाईचा देह हेच एक संकट ठरते. चक्रधरांनी त्या देहाकडे ना ओवळे म्हणून पाहिले, ना संकट म्हणून. देह तो देह, एवढेच ते म्हणाले. त्यांचा हा विचार जर घराघरांत पोहोचला असता, तर निदान आपल्या देहाची लाज वाटणे तरी आमच्या आया-आज्यांच्या वाट्याला आले नसते.

लोकांना कळेल अशा मराठीत बोलणे, हीदेखील त्या काळी एक बंडखोरीच होती. चक्रधर मूळचे गुजरातेतले, पण महाराष्ट्रात राहून त्यांनी मराठीतच उपदेश केला. त्यांच्यानंतर पंथाची धुरा नागदेवाचार्यांकडे आली. ऐन तारुण्यात वाईट संगतीत रमलेले हे गृहस्थ चक्रधरांच्या सहवासाने पालटले होते. केशिराजबास संस्कृत जाणणारे; त्यांचा ओढा संस्कृतकडे होता. तेव्हा नागदेवाचार्यांनी त्यांना अडविले. संस्कृतात लिहिले तर आपल्या पंथातील म्हाताऱ्या बायका वंचित राहतील, अशी त्यांची तळमळ होती. ग्रंथ कोणत्या भाषेत लिहावा, हे पंडितांच्या सोयीने न ठरविता म्हातारीच्या सोयीने ठरविणारे असे आचार्य जगात किती झाले असतील?

अशा माणसाला प्रस्थापितांनी सुखाने जगू दिले असते तरच नवल. महानुभाव ग्रंथांतील आठवणींनुसार हेमाद्री पंडित आणि पैठणचे प्रतिष्ठित यांनी सभा भरवून चक्रधरांना दोषी ठरविले आणि त्यांचे नाक कापण्याची शिक्षा झाली. स्त्रिया त्यांच्या मागे जातात, हाही त्यांच्यावरील रोषाचा एक भाग होता. शके ११९६ म्हणजे इ. स. १२७४ च्या सुमारास ते महाराष्ट्र सोडून उत्तरेकडे निघून गेले, असे पंथाची परंपरा मानते. त्यांच्या जाण्यानंतर शिष्य रिद्धपुरी गोविंदप्रभूंच्या आश्रयाला जमले.

तेथे जे घडले ते मराठी वाङ्मयाच्या दृष्टीने अपूर्व आहे. म्हाइंभट हे मोठे पंडित. मुळात चक्रधरांशी वाद घालण्यास आले आणि शिष्य होऊन राहिले. स्वामींच्या आठवणी नाहीशा होऊ नयेत म्हणून त्यांनी गावोगाव फिरून, प्रत्यक्ष पाहिलेल्या माणसांना विचारून ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले. इ. स. १२७८ च्या सुमाराचा हा मराठीतील आद्य गद्य चरित्रग्रंथ. ज्ञानेश्वरीपूर्वी बारा वर्षे. कोणी काय सांगितले, कोणाची आठवण कोठे वेगळी पडते, हेही त्यांनी टिपून ठेवले. पुढे मूळ पोथी परचक्राच्या धामधुमीत हरवली, तेव्हा हिराइसा या शिष्येने पाठ केलेल्या लीळांचा आधार झाला. एका बाईच्या स्मरणशक्तीत एवढा मोठा ग्रंथ सुरक्षित राहिला!

परंतु येथेच या चरित्राची शोकांतिकाही सुरू होते. चौदाव्या शतकात पंथीयांनी आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत लिहावयास सुरुवात केली. ग्रंथांचे पावित्र्य जपावे, ते निंदकांच्या हाती पडू नयेत, हा हेतू होता आणि तो समजण्यासारखा आहे. परिणाम मात्र उलटा झाला. जी वाणी म्हातारीला कळावी म्हणून मराठीत ठेवली, तीच सामान्य मराठी माणसाला सहा शतके वाचता आली नाही. लोकांना जे दिसत नाही त्याविषयी अफवा पसरतात. काळी वस्त्रे घालणाऱ्या या साधूंविषयी वाटेल ते बोलले गेले आणि ‘मानभावी’ हा शब्द रूढ झाला. महाराष्ट्रात हे होत असताना हाच पंथ पंजाबपर्यंत आणि त्याही पलीकडे पोहोचला. तेथे त्याला ‘जयकृष्णी’ म्हणू लागले. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी सांकेतिक लिपीचा उलगडा केला आणि दारे उघडली. डॉ. वि. भि. कोलते यांच्यासारख्या संशोधकांनी आपले आयुष्य या ग्रंथांना वाहिले. त्यांनी संपादिलेले ‘लीळाचरित्र’ १९७८ साली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केले.

चक्रधरांच्या मार्गात मला सर्वच पटते असे नाही. त्यांचा संन्यास फार कठोर आहे. आप्तांचा, गावाचा, देशाचा संबंध तोडून झाडाखाली राहावे, ही त्यांची शिकवण आम्हा संसारी माणसांना झेपणारी नव्हे. पंथातील गृहस्थांनीही पुढे आपापल्या जातींचे व्यवहार बहुतांशी तसेच चालू ठेवले. वारकऱ्यांनी विठोबाला बरोबर घेऊन, संसार न सोडता, शेतातून वाट काढली म्हणून ती वाट रुंद झाली. चक्रधरांनी लोकांच्या देवांनाच बाजूला केले म्हणून त्यांची वाट अरुंद राहिली. परंतु वाट अरुंद होती म्हणून ती चुकीची होती, असे म्हणता येणार नाही. लोकांना सोबत घेण्यासाठी किती सोडायचे आणि किती धरून ठेवायचे, हा प्रश्न प्रत्येक सुधारकापुढे असतो. त्यांनी धरून ठेवणे पत्करले आणि त्याची किंमतही मोजली.

रिद्धपूर येथे २०२४ साली मराठी भाषा विद्यापीठ सुरू झाले, ही आनंदाची गोष्ट आहे. ज्या गावात एका वेड्या ठरलेल्या गुरूने एका परप्रांतीय तरुणाला घास भरविला, त्या गावात आता मराठीचे अध्ययन होत आहे. परंतु विद्यापीठ स्थापन झाले म्हणजे विचार पोहोचला असे होत नाही. विचार पोहोचतो तो माणसाच्या वागण्यातून.

मित्रमैत्रिणींनो, आपल्या ग्रंथालयात ‘लीळाचरित्र’ असेल तर ते परीक्षेच्या टिपेपुरते न उघडता एकदा सलग वाचा. भाषा जुनी आहे, पहिली दहा पाने अडखळाल. मग गोडी लागेल. आणि विशेषतः वर्गात मागच्या बाकावर गप्प बसणाऱ्या मैत्रिणींना माझे सांगणे आहे, की महदाइसेला एकही प्रश्न विचारताना कोणाची परवानगी लागली नाही. तिने विचारले आणि तिच्या गुरूने उत्तर दिले. आपणही विचारू या. आपल्या प्राध्यापकांना त्याचा राग येणार नाही, असा माझा विश्वास आहे.